गुनवाल्डच्या बॅगेतली बदकीण

बोर्गहिल्डनं पडवीचं दार बोटभर उघडलं, बाहेर पाहिलं आणि तितक्याच हळू लावून घेतलं.

"कोणी हलायचं नाही," ती कुजबुजली. "आली."

पावाला लोणी लावणाऱ्या पाहुण्याचा, गुनवाल्डचा, हात तसाच थांबला. "कोण आली?"

"बदकीण. तुमच्या बॅगेत बसलीय."

आमच्या बेटावर ही बातमी म्हणजे घरात पाळणा हलण्यासारखी. वसंतात आयडर बदकं समुद्रावरून अंडी घालायला येतात. त्यांच्यासाठी आम्ही दगड-फळ्यांची घरं बांधतो, आत वाळलेलं शेवाळ अंथरतो आणि ती गेली की मागे उरलेली मऊ लव गोळा करतो. बदकीण बसली की हातोडा बंद, रेडिओ बंद, दोरीवर कपडे नाहीत. अंगावरचा कोटसुद्धा रोजचाच हवा, कारण अनोळखी कोट दिसला की ती उडते आणि पुन्हा फिरकत नाही. बेटावर मिंक, म्हणजे अंडी-पिल्लं फस्त करणारा मुंगसासारखा प्राणी, शिरल्यापासून बोर्गहिल्डची घरं ओस पडली होती. तरी दर वसंतात ती घरं झाडायची आणि बदकं आली नाहीत की कुणाशी धड बोलायची नाही. यंदा एकुलती एक आली, तीही सगळी घरं सोडून पाहुण्याच्या उघड्या बॅगेत.

"माझी दुर्बीण आहे त्यात," गुनवाल्ड म्हणाला.

"असू दे. तिला टोचत नसेल तर माझी हरकत नाही."

गुनवाल्ड हिरमुसून खिडकीकडे वळला आणि जागीच खिळला. खाडीतल्या खडकापाशी काहीतरी डुलत होतं. निळसर डोकं, आणि चोचीवर शेंदरी ठिपका असल्यासारखा वाटत होता. असं डोकं फक्त राजबदकाचं. या एका पक्ष्यापायी गुनवाल्डनं उत्तरेचा किनारा पालथा घातला होता, आणि दर वेळी राजबदक तो निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी यायचं.

"ते राजबदक तर नाही?" त्यानं विचारलं.

बोर्गहिल्डचा नवरा तोर्लाइव याला कॉफीचा ठसका लागला. "छे हो. साधंच असेल. उन्हात सगळीच रंगीत दिसतात."

"दुर्बिणीशिवाय कसं कळणार? पट्टा बाहेरच लोंबतोय, मी दोन बोटांनी ओढतो."

"दोन बोटं लावलीत तर ती उडेल," बोर्गहिल्ड म्हणाली. "मग काय, तुमच्या दुर्बिणीतून मी रिकामी घरं बघत बसू?"

एवढं बोलून ती बटाटे आणायला तळघरात उतरली. तोर्लाइव केव्हाच मागच्या दारानं सटकला होता. खुंटीवर तिचा राखाडी कोट आणि लाल रुमाल लटकत होता. गुनवाल्डनं कोट चढवला, मिशांसकट तोंड रुमालात गुंडाळलं आणि तो पडवीत गुडघ्यांवर सरकू लागला.

बदकिणीनं एक डोळा त्याच्यावर रोखला. त्यानं श्वास रोखून धरला. तिनं मान लांब केली, कोट न्याहाळला आणि पुन्हा पिसं फुगवून बसली. त्यानं पट्टा धरला आणि केसाएवढा ओढला. ती हलली. तो थांबला. घामाचा थेंब नाकावर आला, तोही त्यानं पुसला नाही. शेवटी दुर्बीण हळूच त्याच्या मांडीवर आली आणि त्याच क्षणी मागची पायरी करकरली.

"बोर्गहिल्ड, मान वळवू नकोस," तोर्लाइव कुजबुजला. "तू बघायला लागलीस की मला बोलता येत नाही. ते खडकाजवळचं बदक मी कोरलंय. रंग आपल्या होडीचाच उरलेला. अगं, तुझं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं. म्हटलं, पाण्यात एखादं दिसलं तर बाकीची येतील. मला ठाऊक आहे, फसवून आणलेलं बदक तुमच्या घराण्याला चालत नाही. पण आता ही बसलीय ना? आणि त्या पाहुण्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

म्हणजे गुनवाल्डचं राजबदक लाकडाचं होतं. रडावं तर बदकीण उडणार, ओरडावं तरीही उडणार.

तेवढ्यात खिडकी उघडली आणि बोर्गहिल्डचं डोकं बाहेर आलं. तोर्लाइवनं एकदा खिडकीतल्या बायकोकडे पाहिलं, एकदा कोटातल्या बायकोकडे, आणि तो मटकन खाली बसला.

"काढलीत ना शेवटी दुर्बीण?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "मग आता बघून सांगा. आहे का राजबदक?"

तोर्लाइवचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. गुनवाल्ड पक्ष्यांच्या बाबतीत जन्मात खोटं बोलला नव्हता. त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली.

"आहे," तो म्हणाला. "राजबदकच."

तो दुर्बीण खाली करणार, तोच खडकाआडून दुसरं निळसर डोकं पोहत आलं, लाकडी बदकापाशी थांबलं आणि त्यानं त्याला चोच मारली.

"दोन..." गुनवाल्डच्या घशातून एवढंच निघालं. पुढचं ओरडणं त्यानं रुमालाचं टोक तोंडात कोंबून गिळलं. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या.

"उगाच वाढवू नका," बोर्गहिल्ड म्हणाली. "एक माझ्या नवऱ्याचं आहे. त्या लाकडी बदकाची खडकाला बांधलेली दोरी मी रोज बघते. परवा वाऱ्यानं सुटली तेव्हा मीच पुन्हा बांधली."

तोर्लाइव उठला आणि पुन्हा मटकन खाली बसला.

लांबून परतीच्या बोटीचा भोंगा ऐकू आला. गुनवाल्डनं डोळे पुसले आणि कोटाची बटणं सोडायला घेतली.

"कोट काढू नका," ती म्हणाली. "तिनं तुम्हाला त्यातच बघितलंय. पिल्लं बाहेर येईपर्यंत तो तुमचा. मी तोर्लाइवचा घालीन."

"आणि माझी बोट?"

"जाऊ दे. बॅगेशिवाय घरी जाऊन करणार काय?"