हसुरामदादांचा दुसरा कप

हसुरामदादा कुणाच्याही घरी गेले की चहाचे दोन कप पितात. एकावर कधी भागत नाही आणि तिसरा कधी घेत नाहीत. पहिला कप पिताना ते कामाचं अवाक्षर काढत नाहीत. तुमच्या आईचा गुडघा, मुलीची परीक्षा, खिडकीतली कोरफड, असं कशाकशाबद्दल विचारत बसतात. दुसरा कप आपणहून मागून घेतात आणि तो अर्धा संपला की मगच मूळ विषयाला हात घालतात. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केली, तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या घरातली बंद केली आणि लोकांच्या घरातली चालू ठेवली.

मी हे खात्रीने सांगते, कारण मी स्वतः त्या दुसऱ्या कपाला बळी पडलेली आहे.

बरीच वर्षं झाली. आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी होते. मला न विचारता कमिटीने गेटला पोपटी रंग दिला. आता पोपटी रंगात वाईट काय, असं कुणी विचारेल, पण प्रश्न रंगाचा नव्हता, मला न विचारण्याचा होता. मी चांगल्या अक्षरात दोन पानी राजीनामा लिहिला आणि घरात बसले. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात पांढरा शर्ट, पायांत रबरी चपला, हसुरामदादा. रस्त्यापलीकडच्या सारसोळे गावातले कोळी, आणि त्या वेळचे आमचे नगरसेवक. मी म्हटलं, पाण्याच्या लाइनचं काही असेल. ते मात्र माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूची चौकशी करत बसले. दुसरा कप अर्धा झाल्यावर म्हणाले, "वयनी, पत्र बगू जरा." दोन्ही पानं नीट वाचली. म्हणाले, अक्षर फार सुंदर हाय. मग पत्राची घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली आणि गेले. त्यानंतर मी नऊ वर्षं सेक्रेटरी होते. गेट अजून पोपटी आहे.

नगरसेवक ते एकदाच झाले. पुढच्या वेळी वॉर्ड राखीव झाला आणि दादा माजी झाले ते झालेच. पण पक्षात त्यांचं खरं काम वेगळंच होतं. ते रुसलेल्यांची समजूत काढायचे. नेरुळात कुणाचं तिकीट कापलं, कुणाचा फोटो बॅनरवर मेहुण्याच्या फोटोपेक्षा लहान आला, कुणाला स्टेजवर बोलावून खुर्चीच दिली नाही, की त्या माणसाचा राजीनामा यायचा आणि पाठोपाठ त्याच्या दारात दादा जायचे. पक्षाची रीतच होती ती. राजीनामा आला की आठ दिवसांच्या आत समजूत काढायला पक्षाचा माणूस त्याच्या घरी गेलाच पाहिजे. त्या आठ दिवसांत पक्षात त्या पत्राचा उच्चारसुद्धा कुणी करायचा नाही.

मला चौकशांची खोड आहे. मी त्यांना एकदा विचारलं, की लोक तुमचं ऐकतात कसे? दादा म्हणाले, "मानूस जायाला राजीनामा लिवत नाय वयनी. आपल्याला कोन थांबवतो का, ते बगायला लिवतो. दार लावलेलं असतं, कडी नसते."

परत घेतलेली ती सगळी पत्रं दादांनी एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलीत. गणपतीत त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा मी तो डबा उघडायला लावला. सत्कारात आपल्याला छोटा हार घातला म्हणून एका कार्यकर्त्याने पक्ष सोडला होता. एकाने पत्रात 'कायमचा' या शब्दाखाली तीन रेघा ओढल्या होत्या, आणि तोच माणूस त्याच वर्षी शाखाप्रमुख झाला. माझं पत्रही निघालं. पोपटी या शब्दाखाली मीही रेघ ओढली होती, हे मी विसरले होते. फाडून का टाकत नाही, असं विचारलं तर म्हणाले, रागात लिवलेलं खरं असतं, ते फाडायला हात होत नाय.

मग पक्ष बदलायला लागला. म्हणजे नाव तेच, झेंडा तोच. पण ज्यांच्याशी दादांनी गावठाणातल्या घरांसाठी आणि जेट्टीसाठी उभा जन्म भांडण केलं, तेच एका सकाळी पक्षात आले आणि स्टेजवर पहिल्या रांगेत बसले. दादा तरीही पक्षात राहिले. मीटिंगा शाखेतून हॉटेलच्या एसी हॉलमध्ये गेल्या, तेव्हाही ते जात राहिले. फक्त तिथे चहा मशीनचा असतो आणि एकच कप देतात, एवढी तक्रार माझ्याकडे केली. पूर्वी पक्ष गटारावरून आणि पाण्यावरून भांडायचा, आता माणसांवरून भांडायला लागला होता.

यंदा एका मीटिंगमध्ये नव्या मंडळींनी सगळ्यांच्या मोबाइलवर एक फॉर्म पाठवला. प्रत्येक बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरापुढे खूण करायची, हे घर आपलं की परकं. कुणाचं आडनाव काय, कोण कुठून आलंय, कोण काय खातं, सगळं भरायचं. जुन्या माणसांना वॉर्ड माहीत असतो, म्हणून आमच्या बाजूचं काम दादांना दिलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मना सगल्यांच्या घरचा चहा म्हाईत हाय. यादी कशाची कराची?" हॉलमध्ये लोक हसले. दादांनी विनोद केला असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. पहिला कप झाला, दुसरा अर्धा झाला, आणि मग त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला. अक्षर तुमचंच पाहिजे म्हणाले. एवढ्या जन्मात दुसऱ्यांचे इतके राजीनामे हाताळलेला माणूस, मला वाटलं चांगला लांबलचक मजकूर सांगेल. त्यांनी दोनच ओळी सांगितल्या. 'माझ्याने ही यादी होणार नाही. म्हणून मी पक्ष सोडतो.' खाली सही केली. मी विचारलं, कुठे रेघ ओढू का? नको म्हणाले.

पत्र देऊन आले ते जरा गोंधळूनच. ऑफिसात टेबलावर बसलेल्या मुलीने पत्राच्या झेरॉक्सवर शिक्का मारून पोच दिली आणि नाव काय म्हणून विचारलं. पक्षाचा पहिला फलक ज्या भिंतीवर लागला, ती भिंत दादांच्या घराची होती. पण तिला ते कुठून माहीत असणार, तिची काही चूक नव्हती.

त्यानंतर दादा घराबाहेर पडेनात. सकाळी जेट्टीवर होडी बघायला जायचे, ते बंद झालं. मासळीवाल्या बाईने मला सांगितलं, की दादांनी घर झाडून घेतलं, सहा नवे कप आणले आणि रोज दोन वेळा दूध घेतात. मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. बायको गेल्यापासून ते एकटे आहेत. मुलगा खांदेश्वरला राहतो, रविवारी येतो. एकटा माणूस सहा कप कशाला आणेल, ते मला चांगलं कळलं होतं. ते आठ दिवस मोजत होते. पाचवा गेला, सहावा गेला, कुणी आलं नाही. येणार तरी कोण? अशा वेळी पक्ष ज्यांना पाठवायचा, तेच दार लावून घरात बसले होते.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी साडी बदलली आणि रस्ता ओलांडला. दार लावलेलं होतं. हात लावला तर उघडलं, कडी नव्हती.

दादा झटकन उठले. मला बघून पुन्हा बसले आणि मग घाईने म्हणाले, बसा वयनी, चहा टाकतो. कप टेबलावर पालथे घालून वर रुमाल टाकलेला होता. मी कामाचं काही बोलले नाही. नातवाची शाळा विचारली, होडीचं इंजिन विचारलं, त्यांच्या साखरेचं विचारलं. चहा भयंकर होता. मी दुसरा कप मागितला, तेव्हा दादांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांनी मला अडवलं नाही.

कप अर्धा झाल्यावर मी म्हटलं, "दादा, पत्र बघू जरा."

त्यांनी शिक्का मारलेली पोच काढून दिली. माझंच अक्षर, दोन ओळी. मी त्या सावकाश वाचल्या, जशा त्यांनी माझ्या वाचल्या होत्या. म्हटलं, "इतकी वर्षं काढलीत. नका जाऊ."

"तुमचा आमच्या पक्षाशी काय संबंध?" त्यांनी विचारलं.

"तुमचा तरी आमच्या गेटशी काय संबंध होता?"

दादा हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला आणि कपावरच्या रुमालाने बराच वेळ पुसत बसले. मीही खिडकीकडे बघत बसले, कारण माझेही डोळे भरून आले होते. मी पोचेची घडी घातली आणि ती पत्र्याच्या डब्यात ठेवायला उठले, तर त्यांनी माझ्या हातातून ती हळूच काढून घेतली.

"नको वयनी. त्या डब्यात न गेलेल्यांची पत्रं हायत," ते म्हणाले. "मी जातो. फक्त कोनी नको जाऊ म्हनालं नव्हतं, म्हनून पाय निगत नव्हता."

पोच त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवली. मग भांडं पुन्हा गॅसवर ठेवलं आणि मला न विचारता माझा कप भरला, स्वतःचाही भरला. इतक्या वर्षांत मी त्यांना तिसरा कप घेताना पाहिलं नव्हतं. मी विचारलं, आता अजून कसली समजूत काढायची राहिली? दादा म्हणाले, कसलीच नाय, बसा जरा, आणि आम्ही बसलो.