जनूभावजींचं गाव घाटकोपर

कोकणातली दोन माणसं मुंबईत कुठेही भेटली, तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो. खंयचो गाव? मग तालुका, मग वाडी, आणि शेवटी कुठली तरी मावशी दोघांचीही निघते. आमच्या शेजारचे जनूभावजी मात्र या प्रश्नाला सरळ उत्तर देत, "घाटकोपर."

समोरच्याला वाटे, याला ऐकू आलं नसावं. तो पुन्हा विचारी, तसं नाही हो, मूळ गाव कुठलं? त्यावर भावजी शांतपणे सांगत, "मूळचो पण घाटकोपरचोच. आदी पूर्वेक होतंय, मगे पश्चिमेक इलंय."

एका लग्नाच्या पंगतीत हे ऐकून एका म्हाताऱ्याने हातातला घास खाली ठेवला होता. मालवणी बोलतो, सोलकढी ओरपतो आणि गाव घाटकोपर सांगतो म्हणजे काय. पण भावजींच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. त्यांनी आणखी भात मागून घेतला.

घाटकोपरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमची चाळ. आमची खोली आणि त्यांची खोली यांच्यात एकच भिंत. ते एकटे. लग्न केलेलं नाही. लहानपणी मामाकडे आले, मोठे झाल्यावर गिरणीत लागले. संप झाला आणि गिरणी सुटली ती सुटलीच. मग जवळच्या एका कारखान्यात डब्यांची झाकणं ठोकायला जाऊ लागले. गिरणीबद्दल कधी रडले नाहीत. म्हणत, बरं झालं, परळला जायचा फेरा वाचला, आता दिवसभर घाटकोपरातच असतो.

मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ते दारात उभे राहिले. मला तेव्हा नवऱ्याशी बोलायचीही लाज वाटायची. मी आत पडद्यामागे. बाहेर ते आमच्या ह्यांना सांगत होते, "वयनीक आदी घाटकोपर दाखव. संसार काय, रोजचोच आसा."

रविवारी खरोखरच आमची मिरवणूक निघाली. पुढे भावजी, मागे हे, त्यांच्या मागे डोक्यावर पदर घेऊन मी. मला वाटलं देवळात नेतील. पहिल्यांदा नेलं ते वड्याच्या गाडीवर. तिथे भावजींनी कढईपुढे चपला काढल्या. ह्यांनी डोळे वटारले, तर म्हणाले, अग्नी आहे, वर अन्न आहे, आणखी देव तो कसला असतो? गाडीवाल्याला त्याची सवय असावी. त्याने पहिला वडा त्यांना न देता मला दिला. भावजी मी खाईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिले, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे. मी मान हलवली. त्यांचा जीव भांड्यात पडला. "असो वडो कुर्ल्याक गावाचो नाय," ते म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. गुजराती गल्लीतला फाफडा, सायकलवरून भोंगा वाजवत येणाऱ्या अण्णाची इडली, आमच्या नळाचं पाणी, डोंगरावरून येणारा वारा, सगळं त्यांच्या मते कुर्ल्याला मिळत नसे. एकदा आमच्या कठड्यावर कावळा बसला होता. चांगला काळाभोर, नेहमीसारखा. भावजींनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि तेच वाक्य म्हटलं. विक्रोळी त्यांच्या लेखी परमुलुख होता आणि मुलुंडला जायचं असलं की घरून पाण्याची बाटली नेत.

मी हसायची, पण आत कुठेतरी थक्कही व्हायची. मी जिथे आले होते तिथे अजून मला नळाची वेळही नीट कळत नव्हती, आणि हा माणूस त्या जागेवर असा जीव टाकत होता.

चाळीमागे मैदान होतं. मैदान म्हणजे चिखलच. पावसाळ्यात आमची पोरं तिथे फुटबॉल खेळत. भावजी स्वतः कधी चेंडूला पाय लावत नसत, पण मिटलेली छत्री हातात धरून कडेने असे धावत की खेळणाऱ्यांपेक्षा त्यांनाच जास्त धाप लागे. पोरांची नावं त्यांनी माशांवरून ठेवली होती. हातात सापडता सापडता निसटणारा तो बोंबील. मागे आडवा उभा राहणारा रुंद पोरगा हलवा. गोलात तिरका तिरका सरकणारा खेकडा. "बोंबला, फुडे जा! हलव्या, वाट अडव!" असा ओरडा सुरू झाला की गॅलरीतल्या बायकांना वाटे, बाजार भरला. या नावांमुळेच मला खेळ कळायला लागला. मी कांदा चिरत कठड्याशी उभी राही आणि बोंबलाने गोल केला की माझाही हात थांबे.

भांडुपच्या पोरांना हरवलं की भावजी स्वतः बांगड्याचं तिखलं करून साऱ्यांना जेवू घालत. हरले तर पेज आणि मीठ. पण तीही स्वतः वाढत, आणि कोणाला एका शब्दाने बोलत नसत. पोरं मान खाली घालून पेज भुरकत. बोंबील एकदा म्हणाला, "भाऊ, शिव्या घाल, पण पेज नको." भावजींनी त्याच्या ताटलीत आणखी एक पळी ओतली.

आणि बेंजो. आमच्या भागातली बेंजो पार्टी लग्नाला, हळदीला, मिरवणुकीला वाजवायला जाई. भावजींना एकही वाद्य येत नव्हतं. तरी पार्टीच्या पुढे तेच असत, आणि तेही उलटे. तोंड वादकांकडे, पाठ रस्त्याकडे. देवाकडे आणि बेंजोकडे पाठ करायची नाही, हा त्यांचा नेम. डोंगराचा उतार, खड्डे, मध्येच रिक्षा, सगळं मागे न बघता उतरत. एकदा उघड्या गटारात गेले. कमरेपर्यंत. पण छत्रीवाला हात वरच राहिला आणि त्याच्यावर ठेका चालू. वादकांनी थांबायचं मनात आणलं, तर गटारातून ते डोळे मोठे करून बघायला लागले. बेंजो थांबला नाही.

असं सगळं सगळं घाटकोपरचं. फक्त एका ठिकाणी गाडी अडत असे. गणपतीला.

चतुर्थी जवळ आली की आमची चाळ अर्धीअधिक रिकामी होई. कोकणातला जो तो गावी. खोल्यांच्या किल्ल्या भावजींकडे. ते रोज संध्याकाळी एकेक दार उघडून आत दिवा लावत आणि तुळशीला पाणी घालत. स्वतः जात नसत. आमच्याकडे रीत अशी की घराण्याचा गणपती एकच, तो मूळ घरात बसतो. भाऊ मुंबईला असोत की आणखी कुठे, त्यांचा गणपती तोच. ज्याने आपल्या खोलीत वेगळी मूर्ती आणली, तो मूळ घरातून वेगळा झाला असं समजायचं. भावजींचं मूळ घर आमच्या गावाशेजारच्याच वाडीत. तिथे थोरला भाऊ. आई गेली तेव्हा दोघांत काहीतरी शब्दाला शब्द झाला होता. त्यानंतर तिकडून बोलावणं आलं नाही आणि हेही गेले नाहीत.

म्हणून चाळीतली माणसं त्यांना दर वर्षी डिवचत. गाव घाटकोपर ना तुझं, मग आण की गणपती खोलीत. ते म्हणत, जागा लहान आहे. जागा कोणाची मोठी होती? साऱ्यांना कळत होतं की पाणी कुठे मुरतंय. जनू तिकडचा राहिला आहे की इकडचा झाला आहे, एवढंच काय ते ठरायचं होतं, आणि ते ठरवायला तो तयार नव्हता.

एका वर्षी सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून आम्हीही गावी गेलो नाही. त्याच पावसाळ्यात एकदा सगळे गॅलरीत बसलेले असताना आमचे हे भावजींना भलतंच लावून बोलले. म्हणाले, नुसतं तोंडाने घाटकोपर घाटकोपर. एक तर मूर्ती आण, नाहीतर कबूल कर की तू पण आमच्यासारखाच गाववाला. भावजी उठले आणि छत्री घेऊन गेले. तासाभराने येऊन सांगितलं की मूर्ती सांगून आलो.

मग काय विचारता. खोलीला रंग दिला. मखर झालं. गणपतीवर टांगायच्या माटवीला लागणारी पानं-फळं डोंगरावर हिंडून गोळा केली. नारळ आमच्या मारवाड्याकडचा, पण त्यालाही ते घाटकोपरचाच म्हणत. पोरं खुश, बेंजोवाले खुश. सासूबाई तेवढ्या खुश नव्हत्या. एकदा फक्त मला म्हणाल्या, हा माणूस रात्रंदिवस बडबडतोय, म्हणजे याला बरं वाटत नाही.

चतुर्थीच्या सकाळी मूर्ती आली. भावजींच्या डोक्यावर पाट, पाटावर गणपती, मागे बेंजो. डोक्यावर देव असल्यामुळे त्या दिवशी त्यांना सरळ चालावं लागलं, तेच बघायला विचित्र वाटत होतं. दारात मी पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा घेऊन उभी. सासूबाई शेजारी खुर्चीवर, प्लास्टरचा पाय पुढे. मी भावजींच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला आणि बाजूला झाले.

भावजी उंबऱ्यापाशी थांबले. आत येईनात.

बेंजो वाजत होता. एक चाल संपली, दुसरी सुरू झाली. पोरांना वाटलं, भाऊंना भरून आलं. मग वाजवणाऱ्यांनाही काहीतरी कळलं आणि ते हळूहळू थांबले. सासूबाई म्हणाल्या, "जनू, आत ये रे. ओझा धरून किती उभो रवतलस?"

ते अगदी हळू बोलले. मी आणि सासूबाई, दोघींनाच ऐकू गेलं. "काकी, पाय आत घातलंय तर मूळ घरचो पाट सुटतलो."

"थंय तुका बोलावतत तरी?"

"बोलावणत नाय," भावजी म्हणाले. "पण येव नको, असा पण कोणी म्हणूक नाय."

घामाचे थेंब त्यांच्या कपाळावर येत होते. ते पुसायला हात मोकळा नव्हता. इतकी वर्षं ज्या माणसाने कुर्ल्याच्या कावळ्यालाही घाटकोपरची सर येऊ दिली नाही, तो आपल्या रंगवलेल्या खोलीच्या दारात असा उभा होता. मला त्यांच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

सासूबाई मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हंय जागा लहान आसा. मैदानात बसव. थंय सगळ्यांचो होतलो. सगळ्यांच्या गणपतीक मूळ घर लागणा नाय."

ह्यांना कोणी सांगावं लागलं नाही. आपण काय बोलून बसलो ते त्यांना समजलं असावं. त्यांनीच आमचं टेबल उचललं आणि पुढे निघाले. मैदानाच्या कडेला पोरांनी पत्र्याचं छप्पर घातलेलं होतं, तिथे देव बसला. मखर तिकडे गेलं, माटवी गेली. बोंबील आणि खेकडा चिखलात पाय रोवून बांबू धरून उभे राहिले. गुजराती गल्लीतून लाडू आले, अण्णाने इडल्या पाठवल्या, आणि बेंजोवर आरती झाली. भावजींचा आवाज सगळ्यांच्या वर. पण जेवणं झाल्यावर मी ताटं गोळा करायला गेले, तेव्हा ते आपल्या रिकाम्या, नव्या रंगाच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आले.

पुढच्या वर्षी आम्ही गावी गेलो. मैदानातला गणपती भावजींवर सोपवून. चतुर्थीच्या संध्याकाळी आमच्या वाडीतली भजनमंडळी घरोघर जात होती. शेजारच्या वाडीत निघाली तेव्हा मी ह्यांना म्हटलं, मलाही यायचं आहे. बायका सहसा जात नाहीत. पण मी कधी काही मागत नाही, म्हणून ते नाही म्हणाले नाहीत.

भावजींच्या मूळ घराची पडवी भरून गेली होती. आरती झाल्यावर त्यांचे थोरले भाऊ गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. तसंच नाक, तशीच पुढे काढलेली मान. देवाला सांगत होते, घरातल्यांना सांभाळ, गुरांना सांभाळ, सासरी गेलेल्या लेकींना सांभाळ. प्रत्येक मागणीला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मग ते थांबले. मला वाटलं, संपलं.

"आणि आमचो धाकटो थंय एकटो आसा," ते म्हणाले. "तेच्या जेवणाखाणाक कमी पडाक देव नको."

मी बायकांच्या मागे, दाराच्या आडोशाला होते. माझ्याच तोंडून आधी निघालं, "व्हय म्हाराजा." दोन-चार बायकांनी वळून पाहिलं. मग सगळ्यांनी म्हटलं.

परत आल्यावर किल्ली घेताना मी भावजींना हे सांगितलं. अडखळत, पण शब्द न् शब्द. ते ऐकत होते आणि हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्यातून आमची किल्ली शोधत होते. ती समोरच होती, तरी सापडत नव्हती.

ती शोधता शोधताच त्यांनी विचारलं, "दादाचो आवाज बसलेलो होतो काय, वयनी? पावसात तेचो बसता."

मी म्हटलं, थोडा बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी ते दारात आले. हातात ज्येष्ठमधाची पुडी. म्हणाले, "कोण तकडे जाणारो मिळालो तर दिया. माझा नाव सांगा नकात."

नवरात्रात आमचा पुतण्या गावी जायला निघाला, तेव्हा मी पुडी त्याच्या पिशवीत घातली आणि कोणाच्या घरी द्यायची ते सांगितलं. कोणी दिली म्हणून सांगू, असं त्याने विचारलं. मी भावजींचं नाव सांगितलं.