आतलं कापड

"कंबर गिऱ्हाइकाची, पण तिची वाढ आपण पोटात ठेवायची. टेपला बोलू दे. तू बोलू नकोस."

वडील हे सांगायचे तेव्हा त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे प्रत्येक शब्द जरासा टोचूनच बाहेर यायचा. मास्तर तेव्हा शिलाईच्या मशीनखाली बसून चिंध्यांशी खेळत असत. वर मशीनची खटखट, खटखटीवर तो आवाज, आणि आवाजाबरोबर वरून गळणारे रंगीत दोरे. पुढे वडील गेले, मशीनला मोटर लागली, मास्तरांच्या चष्म्याची काच जाड झाली. पण सकाळी टेप गळ्यात घातली की तो आवाज अजून कानाशी यायचा.

मास्तरांनी तो आवाज इमानाने पाळला होता. एखादी पँट नुसतं बटण लावायला आली, तरी ते बिनबोभाट तिची मागची शिवण उसवत, आत दडवलेलं कापड बोटभर सोडत, पुन्हा टीप मारत आणि वरून अशी इस्त्री फिरवत, की पँटलाही आपण मोठी झालो हे कळू नये. गिऱ्हाईक ती चढवून आरशापुढे गर्रकन वळायचं.

"मास्तर, अजून तशीच बसते हो!"

"तुम्ही तसेच आहात, पँट कशाला बदलेल?"

अशा रीतीने सगळं गाव हळूहळू रुंदावत चाललं होतं आणि मास्तर सोडून कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

मग समोर तयार कपड्यांचं तीन मजली दुकान उघडलं. आत शिरलं की थंडगार हवा, बाहेर पडलं की हातात चकचकीत पिशवी. मास्तरांच्या दुकानातल्या कपड्यांच्या दांडीवर मोकळे हँगर दिसू लागले, आणि वारा आला की ते एकमेकांना हळूच धडकून विचारू लागले, आपलं कसं व्हायचं?

ह्या प्रश्नाचं उत्तर घेऊन मेहुणा आला. पाण्याचे फिल्टर विकण्याचा त्याचा धंदा नुकताच बसला होता आणि त्याने फोनवरच्या फोनवर धंदा वाढवण्याचा कोर्स केला होता. ज्याचा स्वतःचा धंदा बुडालेला असतो त्याच्याकडे दुसऱ्याचा धंदा वाढवायला भरपूर वेळ असतो.

"भाऊजी, तुमचा मुख्य प्रॉब्लेम काय आहे माहितीये? तुम्ही दिसतच नाही."

"हा काय, तुझ्यासमोर बसलोय."

"इथं नाही हो, सोशल मीडियावर! जो तिथं नाही, तो कुठंच नाही."

कोपऱ्यात काजं करत बसलेल्या बायकोने मान वर केली. "काय रे, तुझ्या फिल्टरचंही पेज होतं ना?"

"होतं की ताई. केवढे लाइक होते त्याला!"

"मग विकले का नाही गेले?"

"लाइक करणाऱ्यांच्या घरी आधीच फिल्टर होते."

एवढा भरभक्कम अनुभव समोर असताना मास्तरांना नाही म्हणता आलं नाही. त्याच दुपारी त्यांना लग्नातला कोट घालून दुकानाच्या दारात उभं करण्यात आलं. मेहुण्याने फोन रोखला.

"बोला भाऊजी, मनापासून बोला."

"हा माझा लग्नातला कोट," मास्तर छाती काढून म्हणाले. "स्वतः शिवला. आजही अंगावर जसाच्या तसा बसतो. शिवण चांगली पाहिजे, आणि माणसाचा स्वतःवर ताबा पाहिजे!"

बायको सुईत दोरा ओवत होती. तो तिला बराच वेळ ओवता आला नाही.

मेहुण्याने मग झाडून साऱ्या गिऱ्हाइकांना पेजवर ओढून आणलं. दातांचे डॉक्टर आले, गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या, आणि व्यायामशाळेचे मालकही आले. त्यांना सगळे पहिलवान म्हणत. व्यायामशाळेच्या दारावर त्यांचा माणसाहून मोठा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'माझी तरुणपणातली पँट मला आजही होते. तुमची?' हा टोमणा वाचून कितीतरी लोक शरमेने आत शिरत आणि वर्षाची फी भरूनच बाहेर पडत.

"आता लोकांना पडद्यामागची मेहनत दाखवू," असं म्हणत मेहुण्याने एका सकाळी फोन आरशाजवळच्या खुंटीला टांगला. पडदा भिंतीकडे, पाठ दुकानाकडे. "तुम्ही आपलं काम करत राहा. मी चहा घेऊन येतो."

तो गेला. मास्तरांनी फोनकडे पाहिलं. फोनचं तोंड भिंतीकडे होतं, म्हणजे तो आपल्याकडे बघत नव्हता. माणसाचं असंच असतं, तेव्हा फोनचंही असंच असणार. त्याचे डोळे पाठीला असतात हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

"ही कोणाची?" बायकोने दांडीवरून एक पँट काढली.

"पहिलवानांची. त्या फोटोतली."

"अगंबाई, पुन्हा?"

"पुन्हा. मागून सोडून झालं, आता दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडतोय. त्या पँटमध्ये आता मूळची म्हणावी अशी फक्त चेन राहिलीय."

"अहो, हळू बोला."

"इथं कोण ऐकतंय? बरं, डॉक्टरांचा कोट दे. हा माणूस लोकांना गोड खाऊ नका म्हणून दटावतो, आणि स्वतः… हे बघ, खिशात चॉकलेटचा कागद! आणि गाण्याच्या बाईंचा ड्रेस ठेव बाजूला. म्हणतात, सूर लावताना श्वास भरावा लागतो म्हणून घट्ट होतो."

"मग?"

"मग काय! तो श्वास गेल्या वर्षीपासून बाहेरच आलेला नाही."

दोघं खूप दिवसांनी पोटभर हसली. नेमक्या त्या हसण्यावर मेहुणा चहाचे पेले सांडत आत धावला.

"भाऊजी, हे रेकॉर्डिंग नव्हतं! लाइव्ह होतं! चहावाल्याच्या फोनवर बघितलं!"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. आत्ताच्या आत्ता!"

मास्तरांच्या गळ्यातली टेप एकदम गार लागली.

सगळ्यात आधी पहिलवान आले. दार त्यांना अपुरं पडलं, हे आज पहिल्यांदाच सगळ्यांच्या लक्षात आलं.

"मास्तर, मी तुमचं काय वाकडं केलं होतं हो? सकाळपासून माणसं फी परत मागतायत! एकजण तर टेप घेऊनच आला!"

"पहिलवान, माझं चुकलं, मी…"

"आणि ते खरंय का? फक्त चेन?"

मास्तर वडिलांचा आवाज आठवून गप्प बसले. जिथं गप्प बसायचं होतं तिथं बसले नव्हते, आता बसून काय उपयोग! पहिलवानांनी पँट हिसकावून घेतली आणि निघून गेले. डॉक्टरांनी कंपाउंडरला पाठवून कोट नेला. बाईंनी स्वतः येऊन ड्रेस नेला, आणि जाताना एवढा मोठा श्वास घेतला की मास्तरांनी मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत दांडी रिकामी झाली. सारं आयुष्य लावून जोडलेला विश्वास एका दिवसात उसवला होता, आणि त्याला टीप कुठून मारायची ते मास्तरांना सुचेना.

मेहुणा मात्र फुलला होता. "भाऊजी, हजारो लोकांनी पाहिलंय! कुठल्या कुठल्या देशांतून! 'काका किती गोड आहेत' म्हणतायत. 'पुढचा भाग कधी' म्हणून विचारतायत."

"त्यातला एखादा पँट शिवायला टाकणार आहे का?"

"इतक्या लांबून कसा टाकेल?"

"मग त्यांना सांग, काका रिकामे बसलेत. खूप गोड दिसतायत."

आठवडाभर दुकानात कोणी फिरकलं नाही. मास्तर रोज मशीन पुसत, तेल घालत आणि रिकाम्या कापडावर टिपा मारत. मशीनला बोलतं ठेवलं पाहिजे, नाहीतर ते रुसतं.

मग एके दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. बाहेर पहिलवान. डोक्यावर टोपी, काखेत पिशवी, सगळी ऐट गळालेली.

"समोरच्या दुकानात गेलो होतो," ते आत सरकत म्हणाले. "त्या पोरीने माझ्याकडे नुसतं बघितलं, टेपसुद्धा लावली नाही, आणि जिन्यातून वर ओरडली, 'साहेबांच्या साइजचं खाली काही नाही! वर आहे का बघ, सगळ्यात मोठं!' मास्तर, तिन्ही मजले माझ्याकडे वळून बघत होते."

मास्तरांनी काही न बोलता टेप काढली. पहिलवानांनी डोळे मिटले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"आहे तेवढीच," मास्तर म्हणाले.

पहिलवानांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या.

त्या दिवसापासून मागच्या दाराला उसंत मिळाली नाही. डॉक्टर आले, त्यांच्या पाठोपाठ बाई आल्या. दोघं बोळात समोरासमोर आली.

"मी बटणासाठी आलोय," डॉक्टर म्हणाले.

"मीसुद्धा," बाई म्हणाल्या. त्यांच्या ड्रेसला बटण नव्हतंच. डॉक्टरांनी ते थोर मनाने पाहिलं नाही.

काही महिन्यांत दांडी पुन्हा भरली. मेहुण्याने कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघितलं. "बघितलीत ना सोशल मीडियाची ताकद? आहे की नाही फायदा?"

"आहे बाबा. आधी सगळी गिऱ्हाइकं घालवायची, मग ती तोंड लपवून मागच्या दाराने येतात. तुझ्या कोर्समध्ये हेच शिकवलं का?"

"जवळजवळ हेच, भाऊजी. आता एक शेवटचा व्हिडिओ करू, आभाराचा. कोट घाला. मी बाहेर उजेड कसा आहे बघून येतो." त्याने फोन पुन्हा खुंटीला टांगला आणि तो बाहेर गेला.

मास्तरांनी कोट चढवला. हात बाह्यांत गेले, खांदे बसले. पण पुढच्या दोन कडा एकमेकींकडे बघत राहिल्या, जवळ काही येईनात. मास्तरांनी श्वास ओढला. तरी नाही.

"हवेने आटला असेल," ते आरशाला म्हणाले. "दमट हवा आहे हल्ली."

बायकोने सुई टाचण्यांच्या गादीत खोचली. उठून तिने खुंटीवरचा फोन काढला, अस्तराच्या तुकड्यात बाळासारखा घट्ट गुंडाळला, खणात ठेवला आणि खण लावून घेतला. मग ती मास्तरांच्या मागे आली आणि कोटाच्या पाठीवरून, शिवणीवरून, हलकेच हात फिरवू लागली.

"दरवर्षी ह्याला ऊन दाखवायला काढते ना, तेव्हा बोटभर सोडते," ती म्हणाली. "मामंजींनीच शिकवलं होतं. म्हणाले, त्याला कळू देऊ नकोस. मी आजही बोलले नसते हो. पण आता आत कापडच उरलं नाही."