फर्गसच्या परतीची तरतूद

पुकेमोआ नगरपरिषदेच्या वेबसाइटवर कुत्र्याची नोंदणी करायची, तर मालकाचा फॅक्स क्रमांक देणं सक्तीचं होतं. फॅक्स गावात कोणाकडेच नव्हता, म्हणून लोक तोंडाला येईल तो आकडा ठोकून देत. म्हाताऱ्या डेसला तेवढी अक्कल नव्हती; त्याने ती जागा कोरी सोडली. सबब त्याचा कुत्रा फर्गस बेवारस ठरून कोंडवाड्यात गेला आणि शुक्रवारी त्याला कायमची सुई टोचायचं ठरलं.

"पोरी, मला तो घरी हवाय," डेस वेबसाइट सांभाळणाऱ्या मेरेआनाला एवढंच म्हणाला.

तिने फॅक्सचा रकाना डेटाबेसमधून काढणारा बदल चहा पिता पिता लिहिला. पण परिषदेचं धोरण कडक होतं: कोणताही बदल उलटा फिरवला की सगळं पूर्ववत झालं पाहिजे. तिने उलटी वाटही लिहिली.

"रकाना परत येईल गं, पण आतले नंबर?" तिची साहेबीण ग्लेनिस म्हणाली.

"ते खोटे आहेत सगळे."

"असू देत. नागरिकांनी मनापासून दिलेत."

मेरेआनाने नंबर वेगळ्या तक्त्यात जपले. नवा तक्ता हाही बदलच, म्हणून त्याचीही उलटी वाट आली. मंजुरी हाही बदलच, म्हणून परिषदेच्या समितीने मंजुरी आणि नामंजुरी दोन्हींवर एकदमच सह्या केल्या आणि त्यातली आधी कुठली लागू, यावर पुढच्या महिन्यात बैठक ठेवली.

"आणि फर्गस?" मेरेआनाने ग्लेनिसला विचारलं.

"ते शुक्रवारी होऊन जाईल. कुत्रा मारणं हा काही डेटाबेसातला बदल नाही."

मेरेआनाचं डोकं सणकलं. मग तिला हसू फुटलं.

"मेल्यावर त्याच्या नावापुढे 'मयत' लिहायचं ना?"

"लिहायलाच हवं."

"मग झाला की बदल. उद्या उलटा फिरवला, तर 'जिवंत' लिहून येईल गं, पण आतला कुत्रा?"

ग्लेनिसने धोरण दोनदा वाचलं आणि सुईला तहकुबी दिली. मेलेला कुत्रा पूर्ववत करण्याची पद्धत शोधायला उपसमिती नेमली गेली. तिच्यात एक पशुवैद्य, एक पाद्री आणि एक लेखापरीक्षक आहेत, आणि काम समाधानकारक चाललं आहे. गावाने आनंदाने केक कापला. दयाळू संगणकीकरणाबद्दल परिषदेला ढालही मिळाली.

डेस रोज गजांतून फर्गसला सॉसेज भरवतो आणि अंधार पडला की एकटाच घरी जातो. कुत्रा वाचला म्हणून तुम्हीही हुश्श केलंत ना? त्याला घरी कधी सोडणार, हे गावात कोणी विचारलं नाही, आणि तुम्हीही नाही.