दोन तीरांचे ऐक्य आणि पारसनिसांची पाहणी

श्रीकुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवून, थोरांचे मुखे जे ऐकिले तेच लिहितो, पदरचे घालीत नाही. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरी, नदीचे उत्तरतीरी एक राज्य आणि दक्षिणतीरी दुसरे, उभयतां धन्यांचे मनी आले की, चौक्या उठवून बाजारपेठ एक करावी, नाणे एक करावे, आणि ज्याची रयत अधिक सुखी त्याने वरचे आसन घ्यावे. मग उत्तरेच्या महाराजांनी त्रिंबकपंत पारसनीस यांस दक्षिणतीरी पाहणीस रवाना केले. पंत स्वभावे संशयी, सख्ख्या भावाचे पत्रही दोनदा उलटून पाहणारे. तिकडील कारभारियांनी त्यांस पाठशाळा दाखविल्या, धान्याची भरली पेवे दाखविली, आणि पंत मनी म्हणत, "हा सारा देखावा. वाटेवरची गावे तेवढी सारवून ठेविली आहेत." मग तिसरे दिवशी पोटशुळाचे निमित्त करून पंत मुक्कामी राहिले आणि मागील दाराने निघून आडवाटेचे एका खेड्यात गेले. तेथे गोदूबाई नामे सुईण भेटली. पंतांनी पुसिले, "बाई, तुझे हातची दहा पोरे जन्मली तर जगतात किती?"

"नऊ."

"तुज कारभारियांनी पढविले!"

बाई संतापली. "मला कोण पढवितो? मी तुमच्याच तीरची. तिकडे माझी तीन लेकरे गेली, तेव्हा नावेत बसून इकडे आले. इकडे गावोगाव वैद्य आहे, पाणी चांगले आहे. घरोघर फिरा, खोटे निघाले तर थुंका माझे तोंडावर."

पंत घरोघर फिरले आणि मान खाली घालून परतले. मग दरबारी येऊन पाहिले तैसे निवेदन केले की, त्यांची दहांत नऊ जगतात, आपली पाच. महाराज क्रोधायमान जाहले. "पंत, तिकडचे अन्न फार गोड लागले काय?"

"महाराज, मीही संशय घेऊनच गेलो होतो."

"आणि तुमचा संशय फेडिला कोणी?"

"एका सुइणीने."

दरबार खदखदा हसला आणि पंतांचे पद गेले. तिकडे दक्षिणेचे कारभारी बोलिले की, उत्तरेने आडवाटेने हेर फिरविला, म्हणोन त्यांनी करार मोडला. मग उभय तीरी पहारे दुप्पट जाहले.

ते समयी पंतांची कन्या उमाबाई बाळंतपणास आली होती. तिची आधीची दोन्ही जगली नव्हती. पंत तिजला डोलीत घालून नदीवर आले. चौकीदाराने हटकिले, "पंत, कोणीकडे?"

"लेकीस बाळंतपणास नेतो."

"माहेर तर इकडेच की!"

पंतांनी अंगावरची शाल उतरून त्याचे हाती दिली आणि नावेत पाय ठेविला.

सारांश, ऐक्य जाहले नाही. उमाबाईस दक्षिणतीरी पुत्र जाहला, तो वाचला. इतके वर्तमान खरे.