मास्तरांचा ब्रेक

"ज्याला अक्कलदाढ काढता येते, त्याला जगात काहीही बसवता येतं!" पुठ्ठ्याचा खोका जेवणाच्या टेबलावर ठेवत डॉक्टरांनी जाहीर केलं.

डॉक्टर म्हणजे दाताचे डॉक्टर, आणि खोक्यात होतं क्रूझ कंट्रोल. हे यंत्र एकदा गाडीला बसवलं की ठरवून दिलेला वेग ते आपलं आपण धरून ठेवतं. चालवणाऱ्याने ऍक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि मजेत बसावं. ब्रेकला पाय लागला की यंत्र निमूटपणे बाजूला होतं. नव्या गाड्यांत हे आयतंच येतं. डॉक्टरांची गाडी मात्र जुनी होती. लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार! जमिनीला इतकी टेकलेली की तिच्यात बसायचं म्हणजे अर्धं झोपायचं, आणि पेडल इतकं ताठ की वर्षभरात डॉक्टरांचा उजवा गुडघा कामातून गेला होता.

"काहीही बसवा," बायको म्हणाली, "पण आधी त्या गुडघ्याला गप्प बसवा. रोज संध्याकाळी बाम चोळून माझे हात भाजायला लागलेत."

"आता बाम बंद! पाय मोकळा!"

"आणि नाही चाललं तुमचं यंत्र, तर?"

"तर गाडी विकून टाकीन!"

तोंडातून शब्द गेला आणि डॉक्टरांनी जीभ चावली. पण उशीर झाला होता. बायकोने लगेच अट घातली. रविवारी डॉक्टरांनी तिच्या धाकट्या बहिणीकडे जायचं, तिथून बाबांना चार दिवस राहायला घेऊन यायचं. जाऊन-येऊन तीनशे वीस किलोमीटर. वाटेत 'गुडघा' हा शब्द बाबांच्या कानावर पडला, की सोमवारी गाडी चष्मेवाल्याला. हा चष्मेवाला दवाखान्याच्या समोरच दुकान चालवायचा. गाडी विकाऊ नसतानाही तो तीनदा येऊन तिच्यात बसून गेला होता. तिसऱ्या वेळी तर त्याने आरसाही आपल्या उंचीला लावून घेतला होता.

शनिवारी डॉक्टर डॅशबोर्डखाली शिरले. डोकं पेडलांत, पाय दाराबाहेर. गॅरेजवाल्याने "मी येऊ का?" म्हणून फोन केला, तर डॉक्टर गरजले, "हे नाजूक काम आहे! तुमच्या हाताला दोन मिलिमीटर म्हणजे काय ते कळतं का?" आणि खरं सांगायचं तर काम त्यांनी सुबकच केलं. प्रत्येक तार जिथल्या तिथे. शेवटचा सांधा ब्रेकच्या दिव्याच्या तारेचा होता. माहितीपत्रकात लिहिलं होतं, सांध्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळा. टेप नव्हती. आणायची तर उठायला हवं, आणि उठायचं तर गुडघा मध्ये येत होता. दवाखान्याची बॅग मात्र हाताशी होती. तिच्यात कवळीचं माप घ्यायचं गुलाबी मेण होतं.

"माणसाच्या तोंडात चालतं, ते गाडीला न चालायला काय झालं?" असं म्हणून डॉक्टरांनी मेण जरा गरम केलं, दोन उघड्या तारांच्या मध्ये आणि भोवती छान थापलं, बोटाने गुळगुळीत केलं आणि तो सगळा गुंता शेजारच्या सीटपुढच्या गालिच्याखाली सरकवून दिला. म्हणजे नेमका तिथे, जिथे शेजारी बसणाऱ्याचे पाय येतात.

रविवारी सकाळी डॉक्टर एकटेच निघाले. हायवेला लागल्यावर ऐंशीचा वेग धरला, बटण दाबलं, पाय काढला. गाडी चालतच राहिली! डॉक्टरांनी पाय ताणला, पंजा गोल फिरवला, शीळ घातली. मेहुणीच्या दारात पोचल्या पोचल्या त्यांनी बायकोला फोन लावला.

"चष्मेवाल्याला सांग, स्वतःचाच नंबर तपासून घे म्हणावं! गाडी काही त्याला दिसायची नाही!"

"बाबा बसू देत आधी," बायको म्हणाली.

हे बाबा म्हणजे मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. शिकाऊ माणूस भिंतीवर निघाला की मास्तरांनी तो दाबायचा. अर्ध्या गावाचे हातपाय त्या ब्रेकने शाबूत ठेवले होते. दोन वर्षांपूर्वी स्कूल बंद झालं आणि मास्तर खिडकीत बसले. खाली कोणी वाकडी गाडी लावली की पुटपुटायचे, पण ऐकणार कोण?

मेहुणीने डॉक्टरांना बाजूला घेतलं. "भाऊजी, जरा बोलतं करा हो त्यांना. दोन-दोन दिवस तोंडातून शब्द नाही. जेवलात का विचारलं तर नुसती मान हलवतात."

मास्तर मान हलवतच गाडीत बसले. डॉक्टरांनी ऐंशीचा वेग धरला, बटण दाबलं आणि ऐटीत पाय आखडून घेतला. "बघा बाबा, पाय न लावता!"

मास्तरांनी पेडलकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. लांबवर एक सायकलवाला दिसत होता. इतक्या लांब की तो येतोय की जातोय तेही कळत नव्हतं. पण चाळीस वर्षांची सवय! मास्तरांचा उजवा पाय आपसूक पुढे गेला आणि गालिच्यावर दाणकन पडला.

गाडी मंदावली.

"अरेच्चा!" डॉक्टरांनी परत बटण दाबलं. गाडीने वेग घेतला. पुढे वळण आलं. मास्तरांचा पाय पडला. गाडी मंदावली. बटण. पूल. पाय. परत मंद!

"नवीन आहे यंत्र, रुळेल हळूहळू," डॉक्टर घाम पुसत म्हणाले.

"आरशात बघितलं का?" मास्तर अचानक म्हणाले. दोन दिवसांतलं पहिलं वाक्य!

"बघितलं, बाबा."

"कधी? मला मान वळलेली दिसली नाही."

मास्तर ताठ बसले. आता त्यांना पुढचं सगळं दिसू लागलं. कुत्रं दिसलं की पाय, खड्डा दिसला की पाय, उद्या कदाचित खड्डा पडेल अशी जागा दिसली तरी पाय! दर वेळी गाडी शहाण्या मुलीसारखी ऐकायची, आणि दर वेळी मास्तरांची बोलती आणखी खुलायची. डॉक्टरांच्या सासूबाईंना गाडी शिकवताना झालेलं भांडण त्यांनी सांगितलं, गाडी नदीत घालायला निघालेल्या हेडमास्तरांची गोष्ट सांगितली. डॉक्टर बिचारे उन्हाला, रस्त्याला, यंत्र बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना मनातल्या मनात नावं ठेवत बटण दाबत राहिले. शेवटी बटण सोडून त्यांनी पायच लावला. गुडघ्याने लगेच ओळख दिली.

मागे एक ट्रक केव्हाचा भोंगा वाजवत होता. डॉक्टर पेट्रोल पंपावर शिरले, तर तोही मागोमाग शिरला. ट्रकवाला उडी मारून खाली आला.

"अहो साहेब! थांबायचं तर थांबा, जायचं तर जा! वीस किलोमीटर झाले, तुमचे मागचे लाल दिवे लागतायत काय, विझतायत काय! मी दर वेळी ब्रेक मारून मारून दमलो!"

"मी ब्रेकला पायसुद्धा लावलेला नाही!"

"तुम्ही नाही, ते काका! मला वरून सगळं दिसतं. काकांचा खांदा खाली गेला की तुमचे दिवे लागतात. बघा, बघा, आत्ता गेला!"

पंपावर कोणीतरी स्कूटर आडवी घातली होती. मास्तरांचा पाय पडला, आणि लाल दिवे झगझगीत पेटले.

डॉक्टरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते मास्तरांच्या बाजूला गेले, "बाबा, जरा पाय वर घ्या" म्हणाले आणि गालिचा उचलला. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने गुलाबी मेण लोण्यागत झालं होतं. त्यावर मास्तरांच्या बुटाच्या तळव्याचा ठसा इतका स्पष्ट उमटला होता की त्यावरून नवा बूट शिवता आला असता. वरून दाबलं की तारेला तार चिकटत होती आणि यंत्राला वाटत होतं, ब्रेक लागला!

ट्रकवाल्याने खिशातून काळी टेप काढली. "दोन मिनिटांचं काम आहे. आत्ता मिटवून टाका."

डॉक्टरांनी टेप घेतली. दोन मिनिटं! मग नव्वद किलोमीटर पाय मोकळा, गाडी आपली, चष्मेवाला गेला उडत!

तेवढ्यात मास्तर हळूच म्हणाले, "डॉक्टर, कोणाला सांगू नका. हसतील मला. पण या गाडीला माझा पाय कळतो."

"म्हणजे?"

"मी दाबला की ती थांबते हो! दोन वर्षं झाली, माझ्या सांगण्यावर कोणी थांबलं नाही. घरात म्हणतात, बाबा, तुम्ही बसा. बसतो. पण ही ऐकते माझं."

बोलताना म्हातारा लहान मुलासारखा हसत होता. डॉक्टरांनी गालिचा होता तसा पसरला, वरून दोनदा थोपटला आणि टेप ट्रकवाल्याच्या हातात परत दिली.

ट्रकवाल्याने एकदा टेपकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. "मी आपला पुढे निघतो," तो म्हणाला. "मागून तुम्ही काय वाटेल ते करा."

त्या नव्वद किलोमीटरांत डॉक्टरांना प्रत्येक किलोमीटरचा दगड तोंडपाठ झाला. मास्तर पाय दाबायचे, म्हणून डॉक्टर पाय उचलायचे. मास्तर पाय सोडायचे, म्हणून डॉक्टर त्या ताठ पेडलवर पुन्हा जोर द्यायचे. गुडघा आतून बोंबलत होता आणि त्याचं नावही काढायची सोय नव्हती. डॉक्टरांनी दातावर दात घट्ट रोवले. घर पाच किलोमीटरवर आलं असताना उजव्या दाढेतून कट्ट असा आवाज आला.

"काय झालं हो?" मास्तरांनी विचारलं.

"खडा उडाला, बाबा," डॉक्टर बंद तोंडाने म्हणाले.

फाटकात बायको उभी होती. तिच्या शेजारी चष्मेवाला, आणि त्याच्या काखेत गाडीचं कोरं करकरीत कव्हर! अंगाला मोजून शिवून आणलं होतं पठ्ठ्याने!

"बाबा, खरं सांगा," बायको म्हणाली. "वाटेत गुडघ्याचं रडगाणं झालं का?"

"गुडघा?" मास्तर टुणकन उतरले. "नाव काढलं नाही! पुढची नजर ढळली नाही, दातओठ घट्ट मिटलेले! चाळीस वर्षांत इतका एकाग्र शिकाऊ मी पाहिला नाही. आणि काय हो चष्मेवाले, तुमची स्कूटर ही अशी लावतात? समजा मागून कोणी आलं तर?"

मास्तर जे सुरू झाले ते दहा मिनिटं थांबले नाहीत. बायको बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. "कव्हर परत घेऊन जा हो," ती चष्मेवाल्याला म्हणाली. "गाडी राहणार!" मग वडिलांचा हात धरून, त्यांचं बोलणं ऐकत ती घरात गेली.

डॉक्टर मात्र गाडीतच बसून होते.

"उतरत नाही का?" पडलेल्या चेहऱ्याने चष्मेवाल्याने विचारलं.

"जरा हात द्या," डॉक्टर कुजबुजले. "पाय वळत नाहीये. आणि हिला बोलू नका!"

चष्मेवाल्याने कव्हर खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. डॉक्टर अर्धे आत, अर्धे बाहेर असतानाच वरची खिडकी उघडली आणि बायकोचा आनंदाने फुललेला आवाज आला, "अहो! बाबा विचारतायत, आता रोज सकाळी एक चक्कर मारायची ना? उद्या किती वाजता निघायचं?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि अर्धी दाढ चष्मेवाल्याच्या हातावर पडली.