दुहेरी कानाच्या दमडीची हकीकत

श्री. जी हाटात पडली तरी कोणी वाकोन उचलीत नाही, ऐशा दमडीस आरंभी नमस्कार. शके एकोणीसशे तीन, दुर्मतीनाम संवत्सरी, एक राज्य होते. त्याचे नाव पुसू नये. पुसलियास कारभारी रागे भरतात. तेथे विजेचे दिवे, फटफट्या आणि महाराज ही तिन्ही एकत्र नांदत होती, आणि टांकसाळीत यंत्रावर दमड्या पडत, त्यांचे एके अंगी महाराजांचे मुख आणि पाठीस ज्वारीचे कणीस. तो एके वर्षी ठसा घडविणाराचा हात जरासा हालला, मूळ छाप ठशावर दोन वेळ बसला, आणि त्या ठशातून जितक्या दमड्या निघाल्या तितक्यांवर महाराजांस एका कानाआड दुसरा कान फुटला. हे उघडकीस येताच कारागिराने देव पाण्यात ठेविले. परंतु महाराज संतोष पावले आणि बोलिले की, प्रजेची दाद ऐकावयास आम्हांस जादा कान आला. मग काय विचारता! राजा बोले, दळ हाले. सरदार, शिलेदार, मास्तर, न्हावी, अवघे भिंगे घेऊन दमड्यांवर ओणवे जाहले, आणि कोणी दमडी खर्चेना, आणि वाणी सुट्याचे बदली लिमलेटच्या गोळ्या देऊ लागला, तेणेकरोन राज्यात दातदुखी फैलावली.

ऐशा समयी राजपारखी धोंडोपंत यांजकडे रीघ लागली. पंत अंगाने काटकुळे, आणि भिंग लावून लावून त्यांचा डावा डोळा उजव्याहून थोरला दिसे. ते येईल त्यास एकच समजावीत की, ठसाच दुहेरी असेल तर कानास मांस चढते, दोन्ही कान गोल आणि उठावदार दिसतात. परंतु यंत्र ठोका देऊन उसळले, आणि ठसा दमडीवर घसरला, तर कान चेपतो आणि काठाशी सपाट पायरी पडते, ती पाहून अडाणी मनुष्य दुहेरी म्हणोन नाचतो. त्या राज्यात पारखीची रीत ठरलेली होती. दमडी तबकात महाराजांचे मुख वर करोनच ठेवावी. पालथी घातली तर धन्याचा अपमान, म्हणोन फटके. पारख्याने खरी ती मस्तकी लावावी, खोटी ती टाचेखाली घालावी, आणि निवाडा चुकला तर आपले भिंग तबकात ठेवून घरी जावे. पंतांचे तीन पिढ्यांत कोणाचे भिंग तबकात गेले नव्हते, आणि पंतांस त्या भिंगाविना दुसरे सुख ठाऊक नव्हते.

महाराजांचे मेहुणे व्यंकोजीराव. यांजकडे पूर्वी हत्तीखान्याचा कारभार सोपविला, तो हत्ती वाळोन घोड्याएवढे जाहले. त्यांचा डोळा आता टांकसाळीवर होता. त्यांनी एक दमडी मखमलीत गुंडाळोन नजर केली आणि म्हणाले, ऐसा कान आजवर कोणी पाहिला नाही. महाराज भुलले आणि भर दरबारात वचन देते जाहले की, पंतांनी दमडी दुर्मिळ ठरविली तर टांकसाळ मेहुण्यांची. पंतांनी तबकावर वाकोन पाहिले, तो कान चेपलेला, काठाशी पायरी. मस्तकी लावावी तर लबाडी, आणि टाचेखाली घालावी तर दमडी टांकसाळीचीच, वर धन्याचे मुख. इकडे आड, तिकडे विहीर. तेव्हा पंतांनी दमडी उचलोन मस्तकी लाविली, व्यंकोजीरावांनी मिशीस पीळ दिला, आणि पंत तैसेच चालत दाराशी बसणारे तांबोळ्याकडे गेले आणि दमडी त्याचे हाती देऊन दमडीचा चुना मागितला. तांबोळ्याने दिला.

महाराजांनी विचारिले, "पंत, हे काय केलेत?"

"दमडी खरी आहे, महाराज, म्हणून खर्चली. दुहेरी ठशात कान वाढतो. हिच्यात महाराजांचा होता तो कानही चेपला आहे. रावसाहेबांना तो पसंत पडला, माझा इलाज नाही."

महाराजांनी नकळत आपला कान चाचपला, मग मेहुण्यांकडे ऐसे पाहिले की राव त्याच सायंकाळी तीर्थयात्रेस निघाले. पंतांस शालजोडी मिळाली.

दुसरे दिवशी पंत पान घ्यावयास गेले, तो तांबोळ्याने सुटे परत देताना दमड्या पालथ्याच हातावर टाकिल्या, कारण बाजारात महाराजांचे तोंड कोण पाहतो? त्यात एकीवरील कणीस पंतांस वेगळे भासले. भिंग लाविले तो दाण्याआड दाणा, गोल, उठावदार, पानाआड पान. ऐसा दुहेरी ठसा पंतांनी जन्मात पाहिला नव्हता. उलटोन मुख पाहिले, तो तोच चेपलेला कान. पंत तेथेच दुकानाचे फळीवर बसले. अवघा दरबार कान पाहत राहिला आणि पाठ कोणी पाहिलीच नाही. आता बोलावे तर निवाडा चुकला, भिंग गेले, आणि वचनाप्रमाणे टांकसाळ मेहुण्यांची. न बोलावे तर राज्यातील सर्वांत दुर्मिळ दमडी आपले कनवटीस, आणि दाखवावी कोणास? पंत घरी आले आणि कुटुंब चिमाबाई यांजपुढे दमडी ठेवोन लहान मुलासारखे रडले.

बाईंनी दमडी दोन्ही अंगांनी पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, टांकसाळ त्या मेल्याच्या हाती गेली, तर पुढच्या वर्षी दमडीत तांबं शोधायलाच भिंग लागेल. आणि ही घरात राहिली तर तुम्ही चार दिवसांत कुणाला तरी दाखवाल, मी ओळखते तुम्हाला. जा, चुना घेऊन या."

"कालचा आहे की अजून."

"असू दे. आणा."

पंतांनी वाटेत थांबथांबोन ते कणीस पाहिले, शेवटचे म्हणोन आणिक एकदा पाहिले, आणि मग दमडी तांबोळ्याचे गल्ल्यात टाकिली. ती पडल्याचा आवाज त्यांस जन्मभर ऐकू येत असे.

ऐसे हे दमडीप्रकरण. पंत भिंगासह म्हातारे जाहले, टांकसाळ वाचली, हत्तीही पुढे पुष्ट जाहले. ती दमडी त्या राज्यात अद्याप हातोहात फिरते आहे, आणि पारखीचे तबकात महाराजांचे मुख वर ठेवण्याची चाल अद्याप मोडली नाही.